पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली

भारतीय उपखंडात पक्ष्यांच्या बाराशेहून अधिक जाती आढळतात. त्यांचे रूप, आवाज, वसतिस्थान व घरटी यांची पद्धतशीर नोंद करण्यात डॉ. सालिम अली यांनी आपले आयुष्य वेचले.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई-वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने अमीरुद्दीन तय्यबजी या मामांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे जाणण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगून त्यांना संस्थेतील पक्षिसंग्रह दाखवला. तेव्हापासून पक्षी हाच त्यांच्या जिज्ञासेचा विषय झाला.

पुढची वाट मात्र खडतर होती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यात त्यांना जागा मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते असताना, १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर कळले, की ते पदच रद्द झाले आहे. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम गावी राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे विणू लागतो, हे त्यांनी नोंदवले. बेकारीचे ते दिवस असे सार्थकी लागले.

यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. संग्रहातील मृत पक्ष्यावरून त्याची जात ठरवता येते. पण त्याचे जगणे रानातच कळते, ही त्यांची दृष्टी होती. १९३९ मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. हा आघात सोसूनही त्यांनी काम थांबवले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकालाही पक्षी ओळखता येऊ लागले. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेला उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

भरतपूरच्या पाणथळीचे आणि केरळातील सायलेंट व्हॅलीच्या अरण्याचे रक्षण व्हावे, यासाठीही ते झटले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे ग्रंथ आजही पक्षी-अभ्यासकांना वाट दाखवतात.