संगणक, वाद्यवृंद आणि झेनाकिस

वाद्यवृंदाची मांडणी संगणकाने केली, तर संगीतकाराचे काम काय उरते? या प्रश्नाचे उत्तर यानिस झेनाकिस यांच्या चरित्रात सापडते.

रुमानियात जन्मलेल्या या ग्रीक अभियंत्याने अथेन्समधील लढ्यात डावा डोळा गमावला. १९४७ मध्ये ते पॅरिसला निसटले. मायदेशी त्यांना गैरहजेरीत देहदंड ठोठावला गेला. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञांच्या कार्यालयात नोकरी करीत त्यांनी संगीतरचना चालू ठेवली. जमावाच्या घोषात एकेक आवाज अनियमित असला, तरी समूहाला नियम असतो, ही त्यांच्या विचाराची बैठक होती.

१९६२ मध्ये त्यांनी संभाव्यतेचे नियम आय.बी.एम. ७०९० या संगणकास दिले. कोणता स्वर कोणत्या वाद्यावर, केव्हा आणि किती वेळ वाजावा, याची गणिते यंत्राने केली. त्यांतून ४८ वादकांसाठी 'एसटी/४८' ही रचना सिद्ध झाली. परंतु नियम निवडणे आणि आलेले आकडे स्वरलिपीत उतरविणे, ही कामे झेनाकिस यांनीच केली.

१९७४ मध्ये लष्करी राजवट कोसळल्यावर ते ग्रीसला जाऊ शकले; २००१ मध्ये पॅरिस येथे निवर्तले. यंत्राकडे श्रम सोपविताना निर्णयही सोपवावा लागतोच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. वाद्ययोजना सुचविणाऱ्या आजच्या संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी हा भेद विसरता कामा नये.