ठिणगी, इंधन आणि रॉबर्ट बॉश

जुनी पेट्रोल इंजेक्शनची गाडी ट्यूनिंगसाठी रोलरवर चढवली, की तिची चाके जागच्या जागी फिरतात. रोलरवरचा भार वाढवत चाकांपर्यंत किती ताकद पोहोचते ते मोजतात, सायलेन्सरमधून येणारा धूर तपासतात. मग मेकॅनिक मुख्यतः दोन गोष्टी जुळवतो : ठिणगी केव्हा पडावी आणि इंधन किती जावे. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंधन जास्त झाले तर धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ‘नॉकिंग’ करते. या दोन्ही गोष्टींशी एकच नाव जोडले गेले आहे : रॉबर्ट बॉश.

२३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी त्यांचा जन्म झाला. वडील खानावळ चालवत. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. सूक्ष्म यंत्रकाम शिकून ते १८८४ मध्ये अमेरिकेला गेले, काही काळ एडिसन यांच्या कारखान्यात राबले आणि १८८६ मध्ये श्टुटगार्टला परतून त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. पुढच्याच वर्षी एका ग्राहकाने एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मागितला. ही कल्पना बॉश यांची नव्हती. त्यांनी ती सुधारली. १८९७ मध्ये त्यांच्या कार्यशाळेने मॅग्नेटो वेगवान तीनचाकी मोटारगाडीवर बसवून दाखवला. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांच्या रचनेतून उच्च दाबाच्या विजेवर चालणारा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग आला. ठिणगी भरवशाची झाली.

कामगारांच्या प्रकृतीचाही ते विचार करत. १९०६ मध्येच त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत तेव्हा हे फारच थोड्या कारखान्यांत होते. घरात मात्र दुःख होते. मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने १९२१ मध्ये गेला. त्यानंतर वाहनांच्या डिझेल इंजिनांकडे लक्ष वळवून कंपनीने १९२७ मध्ये नेमके मोजून इंधन देणारा पंप बाजारात आणला. पेट्रोल गाड्यांसाठीचे कंपनीचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ मध्ये आले, तेव्हा बॉश हयात नव्हते.

इंजिनाच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट मोजून घेणाऱ्या या माणसाचा होमिओपॅथीवर मात्र विश्वास होता. १९४० मध्ये श्टुटगार्टला त्यांच्या देणगीतून होमिओपॅथिक रुग्णालय सुरू झाले. पुढे काटेकोर चाचण्यांत या औषधांचा परिणाम खोट्या गोळीहून सरस असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. त्या रुग्णालयात आज आधुनिक उपचार होतात.

शेवटची वर्षे नाझी राजवटीत गेली. बॉश यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलर यांना आधार दिला. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवत होते आणि तिथे वेठबिगारही होती. त्यांचे चरित्र सांगताना यातले काहीही वगळता येत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी कानाच्या मधल्या भागाच्या दाहातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे वयाच्या ८०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ मार्चला, अमेरिकेत जंतुसंसर्गाने मरणासन्न झालेल्या एका महिलेला पेनिसिलिन टोचण्यात आले आणि ती वाचली. आज कानाच्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविके सहज मिळतात. म्हणूनच कान दुखून ताप आला, कानामागे सूज आली किंवा पू वाहू लागला, तर घरगुती तेल न घालता डॉक्टरांना दाखवावे.