घारीला गोविंद म्हणणारा साहेब

खडकीच्या लढाईत (1817) पेशवाई बुडविणाऱ्या फौजेत एक तरुण अधिकारी होता. विल्यम हेन्री साइक्स त्याचे नाव. जन्म 1790 चा. चौदाव्या वर्षीच कंपनीच्या चाकरीत शिरलेला. आपल्या घराण्यांतून त्या लढाईची आठवण कोणी प्रेमाने काढीत नाही, आणि ते योग्यच. पण याच माणसाने पुढे आपल्या मुलखातील पाखरांची दप्तरे लिहिली, हेही विसरून चालणार नाही.

1824 साली एल्फिन्स्टन साहेबांनी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे पाहावयाचे. बेळगाव तेव्हा धारवाडातच मोडे. निपाणीची जहागीर सिद्धोजीराव निंबाळकरांकडे होती. माणसे, पिके, बाजारभाव मोजता मोजता साइक्स पक्षीही टिपीत. 1829 मध्ये काटकसरीपायी सरकारने ती जागाच मोडली. तरी काम पुरे करूनच 1831 मध्ये ते विलायतेस गेले.

पुढच्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आली. सव्वादोनशेहून अधिक जाती, आणि जागोजाग मराठी नावे! आरंभीच गिधाडे. त्यांतले पांढऱ्या पाठीचे गिधाड त्या काळी कोणाच्या खिजगणतीतही नसेल. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने 1992 ते 2007 या काळात भारतात हजारांतले एखादेच उरले. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती 2006 मध्ये.

आपल्या रोजच्या घारीला साइक्सनी शास्त्रीय नाव दिले ते गोविंदा. गरुडाचा मान आपण ब्राह्मणी घारीला देतो. देवाचे नाव लाभले ते या उकिरड्यावरच्या घारीला! ती आकाशात घिरट्या घालीत कोंबडीच्या पिलावर कशी टपते, मुदपाकखान्यातून बंगल्याकडे नेत असलेल्या ताटातील मांसावर झेप घेण्यासही कशी कचरत नाही, हे त्यांनी टिपले आहे. अनुभव घरचाच असावा.

नंतर ते कंपनीचे अध्यक्ष (1856) व पार्लमेंटचे सभासद झाले. 1872 मध्ये लंडनला वारले. बंदुकीनेच पक्षी मिळविण्याचा तो काळ, तेव्हा त्यांना रक्षणकर्ते म्हणता येणार नाही. पण काय होते हे ज्याने लिहून ठेवले, त्याच्यामुळेच काय गेले हे आज सांगता येते.

बेळगावला त्यांचा वारसा 1879 च्या सुमारास कॅप्टन बटलरने चालविला. छावणीच्या आसपास घरटी हुडकीत तो हिंडे. दख्खन व दक्षिण महाराष्ट्राच्या पक्ष्यांची त्याची यादी 1881 मध्ये छापली गेली. त्याच्या नावाचे एक घुबडही आहे, पण ते मकराणातले.