विश्लेषण : जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ कोणी शोधले? शिंप्याच्या मुलाने घडवलेला शब्दकोश आजही का महत्त्वाचा?

शेक्सपिअरच्या नाटकात ‘प्रेझेंटली’ हा शब्द आला की आजचा वाचक त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा लावतो. त्या काळात मात्र तो बहुतेक वेळा ‘ताबडतोब’ या अर्थाने वापरला जाई. ‘व्हेअरफोर’ या शब्दाचेही तसेच. त्याचा अर्थ ‘कुठे’ असा नसून ‘का’ असा आहे. सज्जात उभी असलेली ज्युलिएट रोमिओ कुठे आहे, असे विचारत नाही. तो नेमका शत्रूच्या घराण्यातला रोमिओच का, हा तिचा प्रश्न आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या शब्दांचे असे नेमके अर्थ आज मोबाइलवर क्षणात सापडतात. मात्र ते शोधून, तपासून, तारीखवार लावण्यात काही माणसांची आयुष्ये खर्ची पडली. त्यांतले प्रमुख नाव म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चे संपादक जेम्स मरे.

जेम्स मरे कोण होते?

मरे यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डेनहोम या खेड्यात झाला. वडील शिंपी होते. पुढील शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मुलाचे शिकणे मात्र थांबले नाही. भूगर्भशास्त्र, वनस्पती, जुने अवशेष आणि सर्वांत जास्त म्हणजे भाषा, जे मिळेल ते त्याने स्वतःच वाचून आत्मसात केले. सतराव्या वर्षी तो जवळच्या हॉइक गावात साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक.

१८६२ मध्ये त्यांचा विवाह मॅगी स्कॉट यांच्याशी झाला. त्यांची मुलगी तान्हेपणीच दगावली. मॅगी यांना क्षयाने ग्रासले. हवापालट व्हावा म्हणून मरे यांनी शाळा सोडली आणि १८६४ मध्ये लंडन गाठले. पोटासाठी त्यांनी चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेत कारकुनी पत्करली. याच बँकेने १८५८ मध्ये मुंबईत शाखा उघडली होती आणि आजच्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेची ती एक पूर्वज. मॅगी मात्र वाचल्या नाहीत. १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८६७ मध्ये मरे यांनी एडा रुथवेन यांच्याशी विवाह केला. या संसारात अकरा मुले झाली.

बँकेत असताना मरे यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. त्यात त्यांनी आपल्याला कमी-अधिक अवगत असलेल्या भाषांची लांबलचक यादी दिली होती. तीत संस्कृतचाही उल्लेख होता. ती नोकरी मिळाली नाही. १८७० मध्ये ते लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. १८७३ मध्ये दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि भाषाभ्यासकांच्या वर्तुळात त्यांचे नाव झाले.

नव्या शब्दकोशाची गरज का भासली?

इंग्रजीत शब्दकोश नव्हते असे नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश १७५५ मध्येच आला होता. पण त्यात जुने शब्द अपुरे होते आणि शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, याचा सलग हिशेब नव्हता. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने ही उणीव भरून काढण्याचे ठरवले. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये अवघ्या तिशीत वारले. त्यांच्यानंतर आलेले फ्रेडरिक फर्निव्हल उत्साही, पण कामात विस्कळीत. शेवटी १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला आणि संपादकपद मरे यांच्याकडे आले. काम दहा वर्षांत आणि चार खंडांत संपेल, असा अंदाज होता.

आधी जमलेली सामग्री मरे यांच्या ताब्यात आली ती पोत्यांतून. सुमारे दोन टन चिठ्ठ्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. काही अक्षरांच्या चिठ्ठ्या गायबच होत्या. ‘एच’ अक्षराची सामग्री इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सापडली. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या काही चिठ्ठ्या तर आयर्लंडमध्ये चूल पेटवण्यासाठी वापरल्या गेल्या होत्या.

अर्थ शोधण्याची पद्धत काय होती?

मरे यांनी शब्दाचा अर्थ कोणा विद्वानाला विचारून ठरवला नाही. त्यांनी पुरावे गोळा केले. १८७९ मध्ये त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना जाहीर आवाहन केले. जुनी पुस्तके वाचा, लक्षवेधी शब्द दिसला की तो छोट्या कागदावर लिहा, खाली पुस्तकाचे नाव, वर्ष, पान आणि तो शब्द असलेले पूर्ण वाक्य उतरवा आणि पाठवून द्या, असे त्याचे स्वरूप होते. हजारो स्वयंसेवकांनी प्रतिसाद दिला. अशा सुमारे ५० लाख चिठ्ठ्या जमा झाल्या.

एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र आल्या की त्या तारखेनुसार लावल्या जात. कोणत्या शतकात तो शब्द कोणत्या संदर्भात आला, हे पाहून अर्थांच्या पायऱ्या ठरत. आधी सर्वांत जुना अर्थ, मग त्यातून फुटलेले पुढचे अर्थ, आणि प्रत्येकाला दाखला. वापरातून गेलेल्या शब्दाला किंवा अर्थाला खंजिराच्या आकाराचे छोटे चिन्ह जोडले जाई.

या पद्धतीने शब्दांचे आश्चर्यकारक प्रवास उघड झाले. आज कौतुकाने वापरला जाणारा ‘नाइस’ मुळात ‘अडाणी, मूर्ख’ या अर्थाचा होता. याउलट ‘सिली’ म्हणजे एकेकाळी ‘सुखी, धन्य’. तो पुढे ‘निष्पाप’, मग ‘बिचारा’ आणि शेवटी ‘मूर्ख’ झाला. ‘गर्ल’ हा शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही चाले. ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. म्हणूनच मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणतात. ‘डिअर’ म्हणजे कोणताही प्राणी, तो आकसून हरणापुरता उरला. आपल्या ‘मृग’ शब्दाचे अगदी असेच झाले आहे. संस्कृतात त्याचा जुना अर्थ कोणताही वन्य पशू असा होता, म्हणून तर शिकारीला मृगया आणि सिंहाला मृगेंद्र म्हणतात. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळ्याला लागून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतात. त्यातही ‘अडथळा’ हा जुनाच अर्थ टिकून असल्याचे मानले जाते.

काम कुठे आणि कसे चाले?

मिल हिलमध्ये मरे यांनी पत्र्याची एक शेड उभारली. आत चिठ्ठ्यांसाठी हजारावर खण होते. या शेडला त्यांनी ‘स्क्रिप्टोरियम’, म्हणजे लेखनशाळा असे भारदस्त नाव दिले. १८८५ मध्ये ते कुटुंबासह ऑक्सफर्डला गेले. तिथल्या नव्या शेडमुळे शेजाऱ्याच्या घरासमोरचे दृश्य बिघडू नये म्हणून ती अर्धवट जमिनीत बांधावी लागली. ती दमट आणि थंडगार असे. घराबाहेर टपाल खात्याने खास टपालपेटी बसवली होती, इतकी पत्रे जात. मरे यांची मुलेही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावत. त्यांतले थोरले हॅरल्ड पुढे बुद्धिबळाच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाले.

मदतनिसांत दोन अमेरिकी नावे विशेष. फिट्झएडवर्ड हॉल हे संस्कृतचे अभ्यासक. त्यांनी बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात अध्यापन केले होते. इंग्लंडमधल्या खेड्यात एकाकी राहून त्यांनी वीसेक वर्षे रोजचे तासन्तास या कोशासाठी दिले. दुसरे डॉ. विल्यम मायनर हे लष्करी शल्यविशारद. मानसिक आजाराच्या भरात त्यांनी १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध कामगाराचा जीव घेतला होता आणि ते ब्रॉडमूर येथील मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेत बंदिस्त होते. तिथून त्यांनी हजारो नेमके दाखले पाठवले. वस्तुस्थिती समजल्यानंतर मरे १८९१ मध्ये त्यांना भेटले आणि त्यांनी हा स्नेह अखेरपर्यंत जपला.

दहा वर्षांचे काम इतके का लांबले?

पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, तेव्हा पाच वर्षांत मजल ‘ए’ पासून ‘अँट’ पर्यंतच गेली होती. वेग वाढवा, खर्च आवरा, असा प्रकाशकांचा तगादा सुरू झाला. घाई केली तर दाखले अपुरे राहतील आणि अर्थ चुकतील, हे मरे यांना ठाऊक होते. त्यामुळे वाद होत, राजीनाम्यापर्यंत गोष्ट जाई. काळजी घेऊनही चूक झालीच. ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द छापायचा राहिला. १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. पुढे हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स हेही संपादक म्हणून आले.

मरे यांना १९०८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. ज्या विद्यापीठाचे नाव त्यांनी जगभर पोहोचवले, त्या ऑक्सफर्डने मात्र मानद डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९१५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी ‘टी’ अक्षराचे काम सुरू होते. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक दाखले होते. जवळपास निम्मी पाने एकट्या मरे यांनी संपादित केलेली होती. त्यांना पूर्ण कोश पाहता आला नाही.

आजच्या वाचकाला याचा उपयोग काय?

कोश २००० पासून ऑनलाइन आहे आणि नवे पुरावे मिळतील तशी त्याची उजळणी सुरू आहे. इंग्रजीत गेलेले भारतीय शब्दही त्यात आहेत. ‘मंगूस’ हा शब्द मराठीतल्या मुंगसावरून आल्याची नोंद हा कोश करतो.

जुनी कादंबरी किंवा नाटक वाचताना अडलेल्या शब्दाचा पहिला दिसेल तो अर्थ घेऊन पुढे जाणे ही नेहमीची चूक. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. पुस्तक कोणत्या वर्षाचे आहे, कोशातला कोणता अर्थ त्या काळात रूढ होता आणि त्या अर्थाला दिलेला दाखला आपल्या वाक्याशी जुळतो का. ओळखीचे वाटणारे शब्द अधिक फसवतात. अनोळखी शब्द आपण कोशात शोधतो, ‘नाइस’ किंवा ‘प्रेझेंटली’ सहसा शोधत नाही. वाक्याचा अर्थ नीट लागत नसेल, तर त्यातला सर्वांत सोपा शब्द आधी तपासावा.