मोजणारा माणूस : हान्स गायगर

आमच्या प्रोजेक्टला सिलिकॉनचा एक डिटेक्टर होता. अंगठ्याच्या नखाएवढी चिप, तिच्यात २५६ ओळी आणि २५६ स्तंभ, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल. एकाच ऊर्जेच्या किरणाला प्रत्येक पिक्सेल थोडं वेगळं उत्तर देतो. म्हणून लोह-५५ चे ५.९ आणि अमेरिसियम-२४१ चे ५९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण पाडून प्रत्येकाचं माप वेगळं ठरवायचं. तिसऱ्या दिवशी मी कंटाळले. काही पिक्सेल भलतंच मोजत होते. ते सरळ बंद करून टाकावेत असं वाटलं. त्याच आठवड्यात हान्स गायगरचं चरित्र हाती आलं.

गायगरचा जन्म १८८२ चा, जर्मनीतल्या नॉयश्टाट गावचा. वडील विल्हेल्म गायगर पाली भाषेचे आणि 'महावंस' या ग्रंथाचे थोर अभ्यासक. मुलगा मात्र भौतिकशास्त्राकडे वळला. १९०६ मध्ये एर्लांगेनला डॉक्टरेट मिळवून तो मँचेस्टरला गेला आणि तिथे रदरफोर्डचा सहकारी झाला.

तेव्हा अल्फा कण मोजायचे म्हणजे काळोखात डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या एकेक करून मोजायच्या. रदरफोर्डला तो धीर नव्हता, गायगरला होता. १९०८ मध्ये दोघांनी विजेवर मोजणारी नळी बनवली आणि तिचे आकडे ठिणग्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. हे कॅलिब्रेशनच की! एक ग्रॅम रेडियम सेकंदाला ३,४०० कोटी अल्फा कण सोडतं असं त्यांनी काढलं. आजचा आकडा सुमारे ३,७०० कोटी. शंभर वर्षांपूर्वीच्या साधनांनी एवढं जवळ जाणं काही थोडं नव्हे.

१९०९ मध्ये मार्सडेन या विद्यार्थ्याबरोबर धातूच्या पत्र्यावर कण सोडताना आठ हजारांत एखादा कण मागे फिरलेला दिसला. चूक समजून तो गाळला असता, तर १९११ मध्ये अणूचं केंद्रक कुठून सापडलं असतं? १९२८ मध्ये कील इथे म्युलरबरोबर त्याने नळी सुधारली. तीच आजची गायगर-म्युलर नळी.

पुढचं आयुष्य इतकं स्वच्छ नाही. १९३६ मध्ये नाझी काळात सैद्धांतिक भौतिकशास्त्रावरच्या हल्ल्यांविरुद्धच्या निवेदनावर हायझेनबर्ग आणि वीन यांच्यासह त्याने सही केली. पण १९३९ मध्ये जर्मनीच्या युरेनियम प्रकल्पाच्या बैठकीतही तो होता. युद्ध संपल्यावर घर गेलं, आजाराने शरीर थकलं, आणि २४ सप्टेंबर १९४५ रोजी पॉट्सडॅमला तो वारला.

दुसऱ्या दिवशी मी उगम झाकून डिटेक्टर चालवला. झाकूनही जे मोजत राहिले, ते खरोखर बिघडलेले निघाले. असे दोनच होते. तेवढे बंद केले. बाकीच्यांचं माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तीन दिवस जास्त लागले, पण वहीतला प्रत्येक आकडा आता मला छातीठोक सांगता येतो.