मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

गोष्ट ही मुळात ऐकण्याची वस्तू. पुस्तके छापली जाऊ लागण्यापूर्वी शतकानुशतके ती आजीच्या अंथरुणापाशी, गावच्या पारावर, कीर्तनात आणि चारणांच्या वाणीत नांदत होती. लिपी न येणाऱ्या माणसालाही भाषेचे वैभव, व्यवहाराचे शहाणपण आणि पूर्वजांची ओळख तिनेच करून दिली. मात्र आधुनिक शाळा उभी राहिली तेव्हा पाढे, व्याकरण आणि छडी यांना वर्गात जागा मिळाली. गोष्ट उंबऱ्याबाहेरच राहिली. तिला सन्मानाने आत आणण्याचे श्रेय ज्या थोड्या शिक्षकांकडे जाते, त्यांत गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रभागी आहे.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. १९०७ मध्ये उपजीविकेसाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. परतल्यावर मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वढवाण येथे वकिली सुरू केली. व्यवसायात जम बसत असतानाच, १९१३ मध्ये, त्यांना पुत्र झाला. या मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा साधा प्रश्न त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. धाकदपटशाने चालणाऱ्या शाळांत आपले मूल पाठवण्यास त्यांचे मन धजेना. याच काळात मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. अखेर १९१६ मध्ये वकिलीची प्राप्ती सोडून ते भावनगर येथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले.

माँटेसरींची पद्धती त्यांनी आदराने स्वीकारली. तथापि ती जशीच्या तशी उचलली नाही. अगदी लहान मुलांना कल्पित कथा सांगण्यास माँटेसरी फारशा अनुकूल नव्हत्या. गिजुभाई मात्र सौराष्ट्राच्या मातीत वाढलेले होते. घराघरांतून मौखिक परंपरेने चालत आलेल्या कावळ्या-उंदरांच्या कथा त्यांनी वेचल्या आणि बोलीचा ठसका, पुनरुक्ती व यमके सांभाळून त्या मुलांपुढे मांडल्या. सात शेपट्यांचा उंदीर आणि कोणत्याही संकटात आनंदी राहणारा कावळा गुजरातच्या बालविश्वात घर करून बसले. मुलांवरील त्यांच्या वात्सल्यामुळे लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

कथाकथनाचा त्यांनी केवळ छंद केला नाही. ‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात कथेची निवड, वयानुसार तिचा क्रम आणि सांगण्याची कला यांचा त्यांनी सविस्तर विचार केला. कथेचा पहिला हेतू आनंद हाच असावा, तिच्यावर नीतिबोधाचे ओझे लादू नये, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. त्या काळी ते अनेकांना रुचण्याजोगे नव्हते. गोष्टींत वेळ दवडला तर अभ्यासाचे काय, ही पालकांची शंका त्यांना परिचित होती. ‘दिवास्वप्न’ या कथारूप पुस्तकात त्यांनी तिला उत्तर दिले. त्यातील शिक्षक लक्ष्मीराम चौथीचा गोंगाट करणारा वर्ग हाती घेतो. सारे उपाय थकल्यावर तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग निःशब्द होतो. गोष्टीच्या ओढीने मुले वेळेवर येतात. ऐकता ऐकता वाचावेसे वाटू लागते. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. शिस्त, भाषा आणि वाचन या तिन्ही गोष्टी छडीवाचून साध्य होतात.

या कार्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. राजकोट येथील अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीद्वारे ताराबाईंनी हे विचार मराठी घरांत पोहोचवले. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांच्या अंगणात त्यांनी बालवाडी नेली. भावनगरात रुजलेले बीज असे परभाषेच्या भूमीतही फळले.

२३ जून १९३९ रोजी मुंबईत गिजुभाईंचे देहावसान झाले. तेव्हा ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. मागे राहिली ती लहानमोठ्या पुस्तकांची विपुल संपदा आणि त्यांच्या हाताखाली घडलेले शिक्षक.

मातृभाषा केवळ शाळेच्या तासांत जगत नाही. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या कानी ती दिवसातून किती वेळा पडते, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. तिची पहिली शाळा घरातील गोष्ट हीच होय. ती सांगण्यास साधने लागत नाहीत. सांगणारे माणूस मात्र लागते. भरात आलेली वकिली सोडून गिजुभाईंनी तेच काम पत्करले. रात्री मुलाला जवळ घेऊन आपल्या भाषेत एखादी गोष्ट सांगणारे प्रत्येक घर आजही त्यांचेच बालमंदिर पुढे चालवीत आहे.