गंधकावर जगणाऱ्या जीवांचा शोध : सर्गेई विनोग्रादस्की

अमेरिकेतील उटाह राज्यात बिंगहॅम कॅनियन नावाची तांब्याची प्रचंड खाण आहे. खाणीतून निघालेल्या ज्या दगडांत तांबे फारच थोडे, ते भट्टीत घालणे परवडत नाही. म्हणून अशा दगडांचे डोंगर रचले जातात. पूर्वी त्यांवर आम्लयुक्त पाणी सोडले की ते झिरपत खाली येई आणि येताना तांबे विरघळवून आणी. हे पाणी जीवाणूंच्या साह्याने पुनःपुन्हा कामास लावण्याच्या पद्धतीचे पेटंट १९५८ मध्ये केनेकॉट या खाणकंपनीला मिळाले. एखादा सजीव खनिजाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगू शकतो, हे ज्यांनी जगाला प्रथम पटवून दिले ते सर्गेई निकोलायेविच विनोग्रादस्की तेव्हा हयात नव्हते. खाण आणि धातू हा त्यांच्या अभ्यासाचा विषयही नव्हता.

विनोग्रादस्की यांचा जन्म १८५६ मध्ये कीव्ह येथील एका सधन कुटुंबात झाला. त्यांनी प्रथम कायद्याचा अभ्यास धरला आणि लवकरच सोडला. नंतर सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत ते पियानो शिकू लागले. तेथे विख्यात वादक थिओडोर लेशेटिझ्की त्यांचे गुरू होते. तेथेही मन रमले नाही. अखेर विद्यापीठात निसर्गविज्ञान घेऊन १८८१ मध्ये ते पदवीधर झाले. घरी सुबत्ता नसती, तर इतकी वळणे घेण्याची मुभा त्यांना मिळाली असती काय, याची शंकाच आहे.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. गंधकयुक्त झऱ्यांत बेगिआटोआ नावाच्या जीवाणूचे पांढरे तंतू वाढतात आणि त्यांच्या पेशींत गंधकाचे चमकदार कण दिसतात, हे तेव्हा ठाऊक होते. पण कण तेथे कशासाठी, याचा उलगडा नव्हता. शुद्ध जीवाणूसंवर्धनाची रॉबर्ट कॉख यांची रीत त्या काळी प्रमाण मानली जात असे. परंतु जिलेटिन आणि मांसरसाच्या पौष्टिक आहारावर बेगिआटोआ वाढेना. विनोग्रादस्की यांनी मग उलट मार्ग धरला. काचपट्टीवर मोजके तंतू घेऊन त्यांवर ते झऱ्याचे पाणी घालत, दिवसातून अनेकदा ते बदलत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेच तंतू दिवसचे दिवस न्याहाळत. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असले की कण भरत. ते संपले की कण विरघळत आणि पाण्यात गंधकाम्ल उतरे. कण सरल्यावर तंतूंची उपासमार होई. गंधक हे त्या जीवाचे इंधन होते. पियानोपाशी ज्या चिकाटीची परीक्षा अपुरी राहिली, ती इथे पुरी झाली असे म्हणावेसे वाटते.

हे निष्कर्ष १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी लोहजीवाणूंकडे मोर्चा वळवला आणि पाण्यातील फेरस लोहाचे फेरिक लोहात रूपांतर करून हे जीव ऊर्जा मिळवतात असे मांडले. त्यांनी त्यासाठी निवडलेल्या लेप्टोथ्रिक्स जीवाणूविषयीचा त्यांचा दावा पुढे वादग्रस्त ठरला. कल्पना मात्र खरी होती. फक्त ती सिद्ध करणारा जीव दुसराच निघायचा होता.

द बारी यांच्या निधनानंतर ते झुरिचला गेले. तेथे अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणाऱ्या मृदाजीवाणूंवर काम करताना, हे जीव सेंद्रिय अन्नावाचून, हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात हे त्यांनी १८९० मध्ये दाखवले. सूर्यप्रकाशाविना हे घडते, ही गोष्ट तत्कालीन जीवशास्त्राला हादरवणारी होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे निमंत्रण आले. पण त्यांनी मायदेशी परतणे पसंत केले. १८९१ पासून सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र विभाग सांभाळला आणि १९०२ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. प्रशासनाने आणि ढासळत्या प्रकृतीने त्यांना थकवले. १९०५ मध्ये निवृत्ती पत्करून ते युक्रेनमधील आपल्या जहागिरीवर राहावयास गेले आणि संशोधन थांबले.

रशियन क्रांतीने ती जहागीर हिरावून घेतली. ओदेसामार्गे परागंदा होऊन विनोग्रादस्की बेलग्रेडला पोहोचले. पाश्चर इन्स्टिट्यूटचे एमिल रू यांनी १९२२ मध्ये त्यांना पुन्हा बोलावले. पॅरिसनजीक ब्री-कोंत-रोबेर येथे वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी मृदाजीवशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू केला. कन्या हेलेन याही तेथे संशोधनात होत्या.

तो दुसरा जीव सापडला तो अमेरिकेत. कोळशाच्या खाणींतून वाहणारे तांबूस, आम्लधर्मी पाणी ओढ्यांचा नाश करी. कोलमर आणि हिंकल या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवले की त्या पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा जीवाणू आहे. १९५१ मध्ये त्याला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव मिळाले. आज त्याचे कुलनाम ॲसिडिथायोबॅसिलस असे आहे. फेरस लोहाचे फेरिक करून तो जगतो. फेरिक लोह तांब्याच्या सल्फाइडवर तुटून पडते, तांबे द्रावणात उतरते आणि लोह पुन्हा फेरस होते. तेच जीवाणूला परत खाद्य म्हणून मिळते. गंधकाचे गंधकाम्ल होत राहिल्याने पाणी आम्लधर्मी राहते. मग त्यात भंगार लोखंड टाकले की तांबे त्यावर साचते. सोन्याचे कण सल्फाइडात अडकलेले असतील तर त्याच जातीच्या जीवाणूंकडून आधी ते कवच फोडून घेतात. दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत हे १९८६ पासून चालू आहे. गोव्याचे लोहखनिज मात्र मुख्यतः ऑक्साइड असल्याने तेथे या जीवाणूंना खाण्याजोगे फारसे काही नाही.

कोलमर-हिंकल यांचा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा विनोग्रादस्की नव्वदी ओलांडत होते. पन्नास वर्षांचे आपले मृदाविषयक लेखन एकत्र करून त्यांनी १९४९ मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथरूपाने छापले. २५ फेब्रुवारी १९५३ रोजी ब्री-कोंत-रोबेर येथेच त्यांचे निधन झाले. स्ट्रेप्टोमायसिनसाठी आदल्या वर्षी नोबेल मिळवलेले सेल्मन वाक्समन यांनी त्याच वर्षी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. या वाक्समन यांनीच १९२२ मध्ये, जोफे यांच्यासह, गंधकापासून तीव्र आम्ल करणारा थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स वेगळा केला होता. पुढे तोही तांब्याच्या त्या डोंगरांच्या पाण्यात आढळला.